वाचकांचे प्रश्न: क्ले बार, ल्युब्रिकंट आणि धुऊनही न जाणारी खरखर

गाडी धुण्याविषयी मागे लिहिलं होतं, त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरत होती: धुतलेली गाडी हाताला खरखरीत का लागते आणि क्ले बार, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारा मऊ गोळा, वापरावा की नाही. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न: ताई, माझी पांढरी गाडी चार वर्षांची आहे आणि दिवसभर रेल्वेमार्गालगत उभी असते. शॅम्पूने धुतली तरी बॉनेटवरून हात फिरवला की बारीक वाळू चिकटल्यासारखी लागते. डिक्कीवर नारिंगी ठिपकेही दिसू लागलेत. पत्रा गंजला का? एक मित्र म्हणतो क्ले बार मार, दुसरा म्हणतो रंग खरवडून निघेल. कोणाचं ऐकू?

तुम्ही सांगताय तशा ठिपक्यांमागे पत्र्याचा गंज सहसा नसतो, त्यामुळे आधी ती काळजी बाजूला ठेवा. हे बाहेरून येऊन बसलेलं लोखंड आहे. ब्रेक लागले की डिस्क आणि पॅडमधून लोखंडाचे अतिसूक्ष्म कण सुटतात. रेल्वेच्या चाकांतून, रुळांतून आणि ब्रेकमधूनही ते सुटतात. तापलेले, टोकदार असे हे कण रंगावर पडले की वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, रुतून बसतात. पुढे दव पडलं, पाऊस झाला की कण गंजतो आणि त्याच्याभोवती नारिंगी कडं उमटतं. पांढऱ्या गाडीवर ते लगेच नजरेत भरतं. काळ्या गाडीवरही तेवढेच कण असू शकतात, फक्त डोळ्यांना कळत नाहीत.

शॅम्पू सैल मळ उचलतो. रुतलेल्या कणाला तो हलवू शकत नाही, आणि झाडाचा चीक, डांबराचे शिंतोडे, जवळपास फवारा मारून रंगकाम झालं असेल तर हवेतून आलेले रंगाचे तुषार, यांच्यापुढेही त्याचं फारसं चालत नाही. क्ले बार आहे तो अशा चिकटलेल्या गोष्टींसाठी.

आता तुमच्या मित्रांकडे वळते. दुसऱ्या मित्राची भीती अगदीच निराधार नाही. क्ले बार म्हणजे लवचीक कृत्रिम रेझिनमध्ये अतिशय बारीक घर्षक पूड मिसळून केलेला गोळा. जपानच्या तादाओ कोदाते यांना अशा लवचीक घर्षकासाठी अमेरिकेत १९९०च्या दशकात पेटंट मिळाली. पूड कितीही बारीक असली तरी ती घासणारीच असते. उलट कारखान्यातून आलेल्या गाडीचा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, माणसाच्या केसाहूनही पातळ. म्हणून मी क्ले बार अख्ख्या गाडीवर सरसकट फिरवत नाही. जिथे खरखर आहे तिथेच, आणि ती जाईपर्यंतच.

खरखर कुठे आहे हे बोटांना विचारायचं. गाडी धुवा आणि ओली असतानाच हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटांची टोकं अगदी हलकेच रंगावरून फिरवा. नुसत्या बोटाला जे गुळगुळीत वाटत होतं तिथेही टोचरे कण जाणवायला लागतील. बॉनेट, टप आणि डिक्कीचा वरचा भाग आडवा असल्यामुळे तिथे जास्त बसतं. उभ्या दारांच्या वरच्या अर्ध्या भागावर पुष्कळदा काहीच नसतं, खालच्या अर्ध्यात आणि चाकांच्या मागच्या बाजूला मात्र डांबर आणि ब्रेकची धूळ सापडते. जिथे काही लागत नाही तो भाग सोडून द्या.

तुमच्या गाडीवर लगेच क्ले घेऊन बसू नका, लोखंड आधी रसायनाने काढा. डांबर असेल तर त्याआधी टार रिमूव्हर. मग गाडी सावलीत, पत्रा गार असताना आयर्न रिमूव्हर फवारा. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतं आणि दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या रंगावरून जांभळे ओघळ उतरू लागतात. प्रत्येक ओघळाच्या वरच्या टोकाशी नीट पाहिलंत तर एक काळपट टिंब दिसेल, तोच तो कण. वास उग्र, गंधकासारखा असतो, तेव्हा हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत काम करा. द्रव रंगावर वाळू देऊ नका, बाटलीवर लिहिलेल्या वेळेत भरपूर पाण्याने धुऊन टाका. हे आधी करण्याचं कारण असं, की क्ले कणाचं वर आलेलं टोक छाटतो, रुतलेलं बूड कधीकधी तसंच राहतं आणि पुन्हा गंजतं. रसायन ते बूडही विरघळवतं.

आता पुन्हा पिशवीत हात घालून तपासा. बरीच खरखर गेलेली असेल. उरलेल्या जागांसाठी बारीक दर्जाचा, म्हणजे पाकिटावर ‘फाइन’ लिहिलेला क्ले घ्या. निळा म्हणजे मऊ, लाल म्हणजे कडक असं सांगितलं जातं, पण रंगांचा संकेत सगळ्या उत्पादकांत सारखा नाही, तेव्हा लिहिलेलं वाचा. लहान तुकडा तोडून हातात मळा आणि तीन बोटांखाली मावेल एवढी चपटी चकती करा. थंडीत क्ले कडक होतो, मग कोमट पाण्यात बुडवून ठेवा. दोन फूट लांब-रुंद भाग घ्या, त्यावर आणि चकतीवरही ल्युब्रिकंट, म्हणजे क्ले घसरत राहावा म्हणून मारायचा निसरडा द्रव, फवारा आणि चकती सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा. गोल फिरवू नका. दाब नकोच, चकती हातातून निसटणार नाही इतकीच पकड पुरे.

इथे कान आणि बोटं जागी ठेवा. सुरुवातीला बारीक चरचर ऐकू येते आणि चकती अडखळत जाते. काही फेऱ्यांत आवाज विरतो, ओढ कमी होते आणि चकती घरंगळल्यासारखी सरकू लागते. तिथे थांबायचं. चकती उलटून बघा: आलेला तपकिरी-करडा मळ आत जाईल अशी घडी घाला, पुन्हा मळून स्वच्छ बाजू वर आणा आणि मगच पुढच्या भागाकडे वळा. ही घडी घालायचा कंटाळा केला की आधीच्या भागातले लोखंडाचे कण पुढच्या भागावर घासले जातात. दुसऱ्या मित्राला ज्याची भीती आहे ते चरे पुष्कळदा यातूनच येतात.

प्रश्न: क्लेबरोबर मिळालेली ल्युब्रिकंटची बाटली अर्ध्या गाडीतच संपली. पुढे गाडीचा शॅम्पू पाण्यात घालून वापरला तर चालेल का? भांड्यांचा साबण? की नुसतं पाणीही पुरे?

हा प्रश्न क्लेइतकाच महत्त्वाचा आहे, माझ्या लेखी थोडा अधिकच. क्ले साधारण प्रतीचा असला तरी निभावून नेता येतं, ल्युब्रिकंट कमी पडलं तर उत्तम क्लेही रंगावर रेघा ओढतो.

ते काय करतं ते बघा. रंग आणि क्ले यांच्यामध्ये निसरडा पातळ पडदा राहतो. सपाट रंगावरून क्ले या पडद्यावरच तरंगत जातो, आणि पडदा भेदून वर आलेला कण तेवढा क्लेच्या तावडीत सापडतो. दाढी करताना साबणामुळे वस्तरा त्वचेवरून घसरतो आणि खुंट तेवढे कापतो, तसंच हे. पडदा फाटला की क्ले थेट रंगाला भिडतो.

नुसतं पाणी हा पडदा धरू शकत नाही. विशेषतः आधीचं वॅक्स थोडं शिल्लक असेल तर पाण्याचे थेंब होऊन बाजूला पळतात आणि मधल्या जागा कोरड्या पडतात. भांड्यांचा साबण मी वापरू देणार नाही. तो चिकटपणा काढण्यासाठी बनवलेला असतो, निसरडेपणा टिकवण्यासाठी नव्हे. उरलंसुरलं वॅक्स तो नेतो, आणि काही क्ले अशा साबणात भुसभुशीत होऊन रंगावर चिकट पट्टे सोडतात.

गाडीचा शॅम्पू चालतो, पण वॅक्स किंवा चमक आणणारं काही त्यात नसावं. धुताना घेता त्यापेक्षा थोडं दाट द्रावण करा. फेसाला भुलू नका. फेसाचा डोंगर दिसायला छान, पण त्यात हवाच जास्त असते. फेस बाजूला सारून खालचं पाणी दोन बोटांत चोळून बघा. बोटं एकमेकांवरून सुळकन घसरली पाहिजेत. द्रावण फवाऱ्याच्या बाटलीत भरा, म्हणजे हवं तिथे हवं तेवढं मारता येतं. पाणी जड असेल तर क्षार काढलेलं पाणी घ्या, नाहीतर काम करता करता कडेने पांढरे डाग वाळत जातात.

माझी स्वतःची पसंती रिन्सलेस वॉशच्या द्रावणाला आहे, म्हणजे धुतल्यावर वरून पाणी न ओतावं लागणारा जो द्रव मिळतो त्याला. त्यातले निसरडे पॉलिमर पडदा बराच वेळ धरून ठेवतात. क्विक डिटेलर, म्हणजे धुतलेल्या गाडीवर फवारून पुसायचा द्रव, तोही चांगला, फक्त उन्हात लवकर उडून जातो. काहीही वापरा, क्लेच्या पाकिटावर उत्पादकाने काय वर्ज्य सांगितलंय ते आधी वाचा.

बाटली अर्ध्या गाडीत संपली म्हणून तुम्ही उधळपट्टी केलीत असं मानू नका. सोबत मिळणाऱ्या बाटल्या बहुधा लहानच असतात. मध्यम आकाराच्या गाडीला अर्धा लिटर सहज लागतं. चकती किंचित अडकली, रबरासारखी ओढ लागली, की हात तिथेच थांबवा आणि फवारा. अडकलेली चकती जोर लावून पुढे रेटू नका. पांढऱ्या पडद्यासारखं वाळायला लागलं तरी तेच: आधी पुन्हा ओलं करा, मग पुसा.

प्रश्न: माझ्या काळ्या गाडीवर पहिल्यांदाच क्ले वापरला. रंग काचेसारखा गुळगुळीत झाला, पण बॉनेटवर धुरकट झाक आली आहे आणि बारीक रेघा दिसतात. रंग खराब झाला का?

घाबरू नका, हे बहुतेक वेळा दुरुस्त होतं. आधी ही झाक कशाची ते ठरवा. क्लेचा किंवा ल्युब्रिकंटचा राहिलेला थरही धुरकट दिसतो. ताजं ल्युब्रिकंट फवारून स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा. कोरडं घासू नका. झाक गेली तर प्रश्न मिटला.

गेली नाही तर गाडी सावलीत नेऊन टॉर्च तिरका धरा. रेघा सरळ असतील, तुम्ही चकती ज्या दिशेने सरकवलीत त्याच दिशेच्या असतील, तर त्या क्लेच्या आहेत. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल दिसणाऱ्या रेघा मात्र जुन्या धुण्या-पुसण्याच्या. त्या आधीपासून होत्या, वरचं वॅक्स गेल्यावर उघड्या पडल्या. बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात.

काळा रंग, त्यात क्लिअर कोट मऊ असेल, तर नीट काम करूनही पुसट रेघा येऊ शकतात. डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीच्या बारकाईने सफाई-चमकावणीच्या, कामात क्लेनंतर पॉलिश येतं ते यासाठीच. मऊ फोमचा पॅड आणि बारीक दर्जाचं फिनिशिंग पॉलिश घेऊन आधी बॉनेटच्या एका कोपऱ्यात वीतभर जागेवर करून बघा. तिथे झाक गेली तर बाकीचं त्याच रीतीने करा. पॉलिश करायची तयारी नसेल त्यांना माझं सांगणं असं, की गडद रंगाच्या गाडीवर आयर्न रिमूव्हरपर्यंतच थांबा आणि नंतरही जिथे बोटाला टोचतं तिथेच फाइन क्ले वापरा.

प्रश्न: काम करताना क्ले हातातून निसटून जमिनीवर पडला. धुऊन पुन्हा वापरता येईल का?

नाही. जमिनीवरची खडी आणि वाळू त्यात लगेच रुतते आणि नळाखाली धरून निघत नाही. तो तुकडा टाकून द्या, काच साफ करण्यासाठीसुद्धा ठेवू नका. म्हणूनच अख्खा बार एकदम हातात न घेता सुरुवातीलाच त्याचे तीन-चार तुकडे करावेत. एक पडला तर तेवढाच जातो.

प्रश्न: क्लेऐवजी क्ले मिट किंवा क्ले टॉवेल घ्यावा का? त्याने काम झटपट होतं म्हणतात.

झटपट होतं, खरं आहे. कापडावर किंवा मिटवर, म्हणजे हातात घालायच्या मोज्यावर, रबरासारख्या पॉलिमरचा थर असतो. तळहाताएवढा भाग एका वेळी होतो, आणि जमिनीवर पडला तर लगेच खळखळून धुऊन, थर नीट तपासून पुन्हा वापरता येतो. मोठ्या गाडीच्या टपावर मला तो सोयीचा वाटतो.

पण हाताला कळायचं ते त्यात कमी कळतं. चकतीखाली एकेक कण सुटताना जाणवतो, मिटच्या जाडीत ही जाणीव बोथट होते आणि आपण गरजेपेक्षा जास्त घासत राहतो. शिवाय पकडलेला मळ पृष्ठभागावरच राहतो. चकतीसारखी त्याला घडी घालता येत नाही, त्यामुळे दर भागानंतर तो बादलीत खंगाळावा लागतो. नवा मिट पहिल्यांदा काचेवर चालवून त्याचा वरचा कडकपणा मोडा. पहिलीच वेळ असेल तर चकतीपासून सुरुवात करा. हात एकदा शिकला की मिट घ्या.

प्रश्न: पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग आणि पाण्याचे पांढरे गोल क्ले करूनही गेले नाहीत. क्ले निकृष्ट होता का?

क्लेचा दोष नाही. पृष्ठभागाच्या वर आलेलं क्ले काढतो. पृष्ठभागात पडलेला खड्डा तो भरू शकत नाही. विष्ठा उन्हात वाळली की तिच्याखालचा क्लिअर कोट खरवडल्यासारखा होतो. बोट फिरवल्यावर कड लागते, पण वर काही चिकटलेलं नसतं. त्यावर उपाय पॉलिशचा, आणि खोल असेल तर तोही अर्धवट.

पाण्याचे गोल दोन प्रकारचे. वर क्षार बसलेले असतील तर त्यासाठी मिळणारा सौम्य आम्लयुक्त वॉटर स्पॉट रिमूव्हर लावून, वाळू न देता धुवा. क्षारांनी रंग आत खाल्ला असेल तर पुन्हा पॉलिशच. आधी आम्ल, मग पॉलिश, असाच क्रम ठेवा. क्षार तसेच ठेवून पॉलिश केलंत तर तेच पॅडखाली सापडून रंगावर घासले जातात. आणि अशा डागांवर क्ले जोराने रगडू नका, डाग राहतो आणि भोवती नवे चरे पडतात.

प्रश्न: गाडीला सिरॅमिक कोटिंग आहे. क्ले चालेल?

आधी आयर्न रिमूव्हर, पण तो कोटिंगला, म्हणजे रंगावर बसवलेल्या संरक्षक थराला, चालतो ना हे लेबलवर बघून. त्याने भागलं तर उत्तम. क्लेने कोटिंग झिजतं आणि पाणी थेंबाथेंबाने ओघळण्याचा गुण कमी होतो, म्हणून तो शेवटचा उपाय ठेवा आणि नंतर त्या जागी कोटिंगचा टॉपअप, म्हणजे वरून नवा हात, लावावा लागेल हे गृहीत धरा. मॅट रंगाच्या गाडीवर, मॅट फिल्मवर मात्र क्ले अजिबात नको. घासल्या जागी चकाकी येते आणि ती परत मॅट करता येत नाही. बंपरखालच्या रंग न दिलेल्या खडबडीत काळ्या प्लास्टिकलाही लावू नका, क्लेचे कण तिथल्या खाचांत अडकून बसतात.

प्रश्न: वायपर नवे घातले तरी दर्शनी काचेवर थडथडतात. क्लेचा उपयोग होईल?

होईल, आणि काच हा क्लेसाठी सर्वांत निर्धोक पृष्ठभाग आहे. काचेवर किड्यांचे अवशेष, चीक, जुन्या वॅक्सचे पट्टे बसतात आणि वायपरचं रबर त्यांना अडून उड्या मारतं. भरपूर ल्युब्रिकंट घेऊन क्ले फिरवा, काच स्वच्छ पुसा आणि रबराची धारही ओल्या कापडाने पुसून घ्या. एवढं करून थडथड राहिली तर वायपरचा हात वाकलेला आहे का ते तपासून घ्या. काचेवर वापरलेला तुकडा मी रंगावर वापरत नाही, वेगळाच ठेवते.

प्रश्न: वडिलांची जुनी लाल गाडी आहे. क्ले फिरवला तर चकती लाल झाली. रंग निघतोय का?

जुन्या गाडीला वर क्लिअर कोट नसला, म्हणजे रंगाचाच एकेरी थर असला, तर उन्हाने भुकटी झालेला वरचा रंग असा हाताला, कापडाला, क्लेला लागतो. गुलाबीसर झाक असणं स्वाभाविक आहे. काम हलकं ठेवा, खरखर गेली की थांबा. गाडीला क्लिअर कोट आहे हे नक्की माहीत असूनही चकती रंगली, तर मात्र लगेच हात थांबवा: तिथला क्लिअर कोट संपलेला असू शकतो आणि तिथे क्ले, पॉलिश काहीच नको, आधी रंगकाम करणाऱ्याला दाखवा. ताजं रंगकाम झालेलं पॅनेल असेल तर तो रंग पूर्ण सुकून टणक होईपर्यंत किती थांबायचं ते त्यालाच विचारा.

प्रश्न: क्ले किती दिवसांनी करावा? आणि झाल्यावर लगेच काय लावायचं?

दिवस मोजून करू नका, पिशवीत हात घालून विचारा. उघड्यावर, रस्त्याकडेला उभी राहणारी गाडी वर्षातून एकदा-दोनदा मागते. झाकलेली, कमी चालणारी गाडी वर्षभर काहीच मागत नाही. झाल्यावर गाडी पुन्हा धुऊन कोरडी करा आणि त्याच दिवशी वॅक्स किंवा सिलंट (वॅक्ससारखाच कृत्रिम संरक्षक लेप) लावा, कारण क्लेने जुनं संरक्षण गेलेलं असतं आणि रंग उघडा असतो. उरलेल्या तुकड्याचा मळका भाग काढून टाका, चांगला तुकडा ल्युब्रिकंटचे दोन फवारे मारून झाकणाच्या डबीत, उन्हापासून दूर ठेवा. मळूनही करडाच दिसायला लागला की त्याचं काम संपलं, नवा घ्या.